सीपॅप यंत्रावर येणारे संदेश आणि पावसाळ्यातले बिघाड : दुरुस्तीला देण्यापूर्वी काय पाहावे?

सत्तरीचा पाऊस, वाळपई

नमस्कार. माझे बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि गेली तीन वर्षे ते रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लावून झोपतात. झोपेच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला ३८ वेळा अडतो असे निघाले होते, आणि डॉक्टरांनी दाब १० सेंटिमीटर पाणी इतका ठरवून दिलेला आहे. उन्हाळाभर यंत्र निमूट चालले. जूनमध्ये पाऊस लागला आणि तेव्हापासून मध्यरात्रीनंतर नळीत हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येऊ लागला. कधी मास्कमध्ये गार पाण्याचे थेंब पडून बाबा दचकून उठतात. शिवाय दोन-अडीचच्या सुमारास पडद्यावर 'हाय लीक डिटेक्टेड' असा संदेश दिसतो.

ज्यांच्याकडून यंत्र घेतले त्यांना फोन केला, तर यंत्र न पाहताच "मोटर गेली असेल, नवीन घ्या" असे उत्तर मिळाले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष यंत्राचाच आहे हे मला अजून पटलेले नाही. यंत्र पलंगाशेजारच्या उंच कपाटावर ठेवलेले असते, ह्युमिडिफायर (हवेत ओलावा घालणारी, पाणी तापवणारी टाकी) ५ वर आहे, नळी साधी आहे, तापणारी नाही. उन्हाळ्यात आम्ही एसी लावत होतो. आता एसी बंद असतो, खिडकी अर्धी उघडी आणि पंखा पूर्ण वेगाने चालू असतो. दुरुस्तीला दिले तर यंत्र आठ-दहा दिवस तरी जाईल, आणि तेवढे दिवस बाबांनी कसे झोपावे हाही प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उपकरणवाला, म्हापसा

ताई, मोटर गेलेली नाही असे मी इथे बसून खात्रीने म्हणू शकत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या वर्णनात मोटरवर संशय घ्यावा असे काहीही नाही. वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करण्यात माझी अठरा वर्षे गेली आहेत. 'यंत्र बिघडले' म्हणून माझ्याकडे जी सीपॅप येतात, त्यांतल्या बहुतेकांत आतला एकही भाग बदलावा लागत नाही. बिघाड असतो तो विजेच्या, हवेच्या नाहीतर पाण्याच्या वाटेवर.

पडद्यावरचा संदेश वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. यंत्राला मास्क दिसत नाही, नळी दिसत नाही आणि माणूसही दिसत नाही. त्याला फक्त दाब आणि हवेचा प्रवाह कळतो. ठरलेला दाब राखण्यासाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त हवा फेकावी लागली की ते 'गळती' म्हणते. हवा पुढे सरकेनाशी झाली की 'ट्यूबिंग ब्लॉक्ड' म्हणते. गळती मास्कमधून आहे, नळीच्या सांध्यातून आहे की पाण्याच्या टाकीच्या झाकणातून, हे आपल्यालाच शोधावे लागते.

तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकाच वेळी आले आहेत, म्हणून गोंधळ झाला आहे. पहिला पाण्याचा. उन्हाळ्यात एसी खोलीतली हवा कोरडी करत होता, त्यामुळे ह्युमिडिफायर ५ वर असूनही त्याने घातलेली वाफ हवेत मावत होती. आता उघड्या खिडकीतून येणारी हवा आधीच ओलीने तुडुंब भरलेली आहे. यंत्र ती आत ओढते, थोडी गरम करते आणि तिच्यात आणखी पाणी मिसळते. ही हवा पुढे दोन मीटर साध्या नळीतून जाते, जिच्यावर पंख्याचा गार वारा सतत लागत असतो. सोलकढीच्या गार पेल्याला बाहेरून घाम सुटतो, तसा या नळीला आतून सुटतो. मध्यरात्रीनंतर खोली आणखी गार होते, म्हणून गुडगुड त्याच वेळी सुरू होते. यंत्र उंच कपाटावर असल्यामुळे साचलेल्या पाण्याला उतार मिळतो तो बाबांच्या नाकाकडेच.

यासाठी आज रात्रीच पुढील बदल करून पाहावा. यंत्र कपाटावरून उतरवून उशीच्या पातळीपेक्षा खाली, बुटक्या स्टुलावर ठेवावे, मात्र थेट जमिनीवर नको. ह्युमिडिफायर ५ वरून २ वर आणावा, आणि तरीही पाणी साचले तर १ वर. नळीवर कापडी खोळ शिवून घालता आली तर उत्तम. जुन्या पंच्याचीसुद्धा चालते. पंख्याचा झोत नळीवर येणार नाही असे पाहावे. आणि यंत्र हलवण्यापूर्वी पाण्याची टाकी काढून रिकामी करावी, ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. भरलेल्या टाकीसकट यंत्र उचलले, तिरके झाले, पाणी पंख्याच्या घरात शिरले आणि खरोखरच मोटर गेली, अशी यंत्रे माझ्या टेबलावर दर पावसाळ्यात येतात.

गळतीसाठी दिवसा एक चाचणी करावी. मास्क काढून ठेवा, नळी यंत्राला जोडलेली असू द्या, यंत्र चालू करा आणि नळीचे मोकळे तोंड तळहाताने झाका. मग कान लावून ऐका. सूं सूं आवाज टाकीच्या बाजूने आला तर टाकीचे झाकण नीट बसलेले नाही, किंवा झाकणाची रबरी कड सरकलेली वा कडक झालेली आहे. आवाज नळीतून आला तर नळीला चीर आहे. नळी ताणून, विशेषतः दोन्ही टोकांजवळच्या वळ्या उजेडात धरून पाहा. दोन्हीकडे शांतता असेल, तर संशयित एकच उरतो, तो म्हणजे मास्क.

मडगावची परिचारिका, मडगाव

वरचा सल्ला योग्य आहे. मास्कविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण घरोघरी होणारी चूक जवळपास सारखीच असते. गळती दिसली की लोक पट्टे आवळतात. मास्कची सिलिकॉनची गादी दोन पापुद्र्यांची असते. आतला पातळ पापुद्रा हवेने फुगून चेहऱ्याला चिकटतो आणि गळती अडवतो. पट्टे फार आवळले की तो दबतो, फुगत नाही आणि गळती वाढते. वर नाकाच्या दांड्यावर जखम होते ती वेगळीच. पट्टे आधी सैल करावेत, माणसाला ज्या कुशीवर झोपायचे आहे त्या कुशीवर झोपवावे, यंत्र चालू करावे, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवावा, म्हणजे गादी फुगते, आणि मग हिसहिस थांबेल एवढेच पट्टे ओढावेत. बसून बसवलेला मास्क आडवे झाल्यावर तसाच राहत नाही, कारण गालांचा आकार बदलतो.

मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रे असतात आणि तिथून सतत हवा बाहेर येते. ती गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्याची ती वाट आहे. एका घरी त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावलेली मी स्वतः पाहिली आहे, म्हणून हे लिहिणे आवश्यक वाटते. ती कधीही बंद करू नयेत.

सत्तरीचा पाऊस ताई, बाबांचा मास्क नाकापुरता आहे की तोंडही झाकणारा? नाकापुरता असेल आणि गळती ठरावीक वेळी, गाढ झोपेत सुरू होत असेल, तर तोंड उघडे पडत असण्याची शक्यता आहे. सकाळी जीभ कोरडी लाकडासारखी होते का, ते विचारावे. बाबा दाढी एक दिवसाआड करत असतील तर खुंट वाढलेल्या रात्री गळती जास्त दिसते, तेही ताडून पाहावे. गादी रोज सकाळी सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. चेहऱ्याचा तेलकटपणा तिच्यावर राहिला तर ती घसरते आणि लवकर पिवळी पडते. झोपण्यापूर्वी चेहऱ्याला खोबरेल तेल लावण्याची सवय असेल तर ती रात्रीपुरती सोडावी.

खाणपट्ट्यातला, डिचोली

माझा अनुभव फिल्टरचा आहे. आमच्याकडे कोरड्या दिवसांत रस्त्याची तांबडी धूळ खिडकीच्या कठड्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी बसते. पुस्तिकेत फिल्टर दर महिन्याला तपासा आणि निदान सहा महिन्यांनी बदला असे लिहिलेले आहे, म्हणून मी सहा महिने निर्धास्त राहिलो. पाचव्या महिन्यात यंत्राचा आवाज चढला, हवा गरम येऊ लागली. मी मोटरची झीज समजून बसलो होतो. मागचे झाकण उघडले तर पांढरा फिल्टर विटेच्या रंगाचा झालेला होता. नवीन घातला आणि त्याच रात्री आवाज उतरला. आता डिसेंबर ते मे दर महिन्याला बदलतो, पावसात दोन महिन्यांनी.

एक चूकही कबूल करतो. पांढरा फिल्टर मी एकदा धुऊन पुन्हा घातला होता. तो धुवायचा नसतो. धागे फुटतात, आणि ओलसर राहिला तर बुरशी धरतो. काही यंत्रांत राखाडी किंवा काळ्या स्पंजाचा जाड फिल्टर असतो, तो मात्र धुता येतो, पण पूर्ण वाळल्यावरच परत घालावा. आमच्याकडे जुलैत काहीच वाळत नाही, म्हणून मी तसे दोन ठेवले आहेत.

सत्तरीचा पाऊस, वाळपई

सर्वांचे आभार. यंत्र स्टुलावर ठेवले, ह्युमिडिफायर २ वर आणला आणि आईने जुन्या नऊवारीच्या काठाची खोळ शिवली. गेल्या तीन रात्रींत पाणी अजिबात आले नाही. तळहाताची चाचणी केली तेव्हा टाकीच्या डाव्या कोपऱ्यातून स्पष्ट शिट्टीसारखा आवाज आला. रबरी कड खोबणीतून अर्धा इंच बाहेर आलेली होती. टाकी धुताना मीच ती काढली होती आणि उलटी बसवली होती हे आता लक्षात आले. नीट बसवली तरी आवाज पूर्ण गेलेला नाही, म्हणून नवीन मागवली आहे. मास्क नाकापुरताच आहे. जीभ कोरडी पडत नाही असे बाबा म्हणतात, पण बाबा डॉक्टरांसमोरही 'मला काही होत नाही' असेच म्हणतात.

टाकीच्या तळाला पांढरा थर बसला आहे. विहिरीचे पाणी उकळून, गाळून वापरतो. ते बरोबर आहे का?

उपकरणवाला, म्हापसा

कड उलटी बसणे ही फार सामान्य चूक आहे, मनाला लावून घेऊ नये.

पाण्याविषयी : उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटते आणि क्षारांचे प्रमाण वाढते. पांढरा थर तोच आहे. तो टाकीच्या धातूच्या तळावर बसला की खालची तापणारी पट्टी आणि पाणी यांच्यामध्ये पडदा होतो, आणि मग लोक 'ह्युमिडिफायर तापत नाही' अशी तक्रार घेऊन येतात. डिस्टिल्ड पाणी वापरावे, आणि रोज सकाळी उरलेले ओतून टाकावे. बॅटरीच्या दुकानात मिळणारे कॅन श्वासासाठी भरलेले नसतात, त्यामुळे ते टाळून औषधांच्या दुकानात विचारावे. एखाद्या रात्री पाणी संपलेच तर उकळून गार केलेले चालेल, पण रोजचा परिपाठ म्हणून नको.

थर काढण्यासाठी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दहा भाग पाणी असे मिश्रण टाकीत थोडा वेळ ठेवून नंतर भरपूर पाण्याने धुवावे. आपल्याकडे घरात माडाचा शिर्को (माडीचे व्हिनेगर) असतो, आणि एका गृहस्थांनी तोच वापरला होता. सोरपोतेल या मांसाच्या पदार्थासाठी तो उत्तमच, पण टाकीत त्याचा वास आठवडाभर राहिला आणि गृहस्थांना झोपेत भुकेची स्वप्ने पडली. साधे पांढरे व्हिनेगर आणावे.

काणकोणचा काठ, काणकोण

माझा प्रश्न निराळा आहे. मेच्या अखेरीस वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि माझा अडॅप्टर जळाला. मूळ अडॅप्टर मिळायला वेळ लागणार होता म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून २४ व्होल्टचाच दुसरा आणला. यंत्र सुरू होते, पण अर्ध्या तासाने बंद पडून पुन्हा चालू होते, आणि हे रात्रभर चालते. कधी कधी ते सुरूच होत नाही. यंत्राच्या आतला बोर्डही जळाला असेल का?

उपकरणवाला, म्हापसा

काठसाहेब, नव्या अडॅप्टरवर व्होल्टशेजारी अँपिअरचा आकडा छापलेला असेल, तो वाचा. आणि आज रात्री ह्युमिडिफायर पूर्ण बंद ठेवून, टाकी रिकामी ठेवून यंत्र चालवून पाहा.

काणकोणचा काठ, काणकोण

अँपिअर २ आहे. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर यंत्र रात्रभर एकदाही बंद पडले नाही.

उपकरणवाला, म्हापसा

मग बोर्ड शाबूत आहे, असे मानायला हरकत नाही. २४ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे ४८ वॉट झाले. ह्युमिडिफायर असलेल्या यंत्रांना यापेक्षा बरीच जास्त ताकद लागते. उदाहरणार्थ, रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० या सीपॅप मालिकेचा मूळ अडॅप्टर ९० वॉटचा आहे. फक्त पंखा फिरवायला ४८ वॉट पुरतात, पाणी तापू लागले की अडॅप्टर गळाठतो, व्होल्ट पडतात आणि यंत्र स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होते. तुमच्या दुकानदाराने व्होल्ट जुळवले, वॉट जुळवले नाहीत. मूळ अडॅप्टर येईपर्यंत ह्युमिडिफायर बंद ठेवून झोपावे, नाक कोरडे पडले तर डॉक्टरांना विचारून सलाइनचे थेंब वापरावेत. हा अडॅप्टर हाताला सोसणार नाही इतका तापत असेल किंवा त्याला वास येत असेल तर तोही वापरू नये.

समुद्राजवळच्या घरांत आणखी एक गोष्ट होते. खाऱ्या वाऱ्याने पिन आणि खोबण यांवर हिरवट थर चढतो आणि सांधा सैल पडतो. एअरसेन्स १० च्या पुस्तिकेत 'सिस्टम फॉल्ट, एरर ०२२' याचा अर्थ विजेची पिन यंत्रात पूर्ण बसलेली नाही असा दिलेला आहे, आणि उपायही तेवढाच : पिन काढून पूर्ण आत बसवा. याच पुस्तिकेत 'एरर ००४' आला तर यंत्र गरम जागी राहिले आहे का, फिल्टर तुंबला आहे का आणि नळीत पाणी आहे का, हे पाहायला सांगितले आहे. हा संदेश भीतीदायक वाटतो, पण यंत्र गार होऊ देणे, फिल्टर बदलणे, नळी झटकणे यांनी तो बहुधा जातो. हे यंत्र ५ ते ३५ अंशांच्या हवेत चालवायचे असते. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत किंवा कौलाखालच्या माळ्यावर ठेवलेले यंत्र लगेच लावले तर ते रागावणारच. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर हेच क्रमांक आले तर त्यांचा अर्थ हाच असेल असे धरू नका. ज्याची त्याची पुस्तिका पाहावी. आणि या दोन क्रमांकांखेरीज 'सिस्टम फॉल्ट'चा दुसरा क्रमांक वारंवार आला, तर घरगुती उपाय थांबवून यंत्र अधिकृत केंद्रात द्यावे.

फोंड्याचा मास्तर, फोंडा

मी निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे आणि सहा वर्षांपासून सीपॅपधारी आहे. विजेचा विषय निघालाच आहे तर इन्व्हर्टरचा हिशेब मांडतो, कारण पावसाळ्यात झाड पडून तारा तुटल्या की रात्र इन्व्हर्टरवरच काढावी लागते.

घरोघरी असणारी बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला तर १८०० वॉट-तास होतात, पण बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून मी हाती ७०० वॉट-तास धरतो. ह्युमिडिफायर बंद असेल तर यंत्राला सुमारे २० वॉट लागतात, जुन्या छतपंख्याला ७५. दोन्ही मिळून सात तास निघतात. ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी चालू ठेवली तर यंत्राचा खर्च सरासरी ६० वॉटच्या घरात जातो आणि रात्र पाच तासांत संपते. पंखा बदलून ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घेतला आणि ह्युमिडिफायर बंद ठेवला, तर हीच बॅटरी चौदा तास पुरते. मी पंखा बदलला.

दुसरा मुद्दा इन्व्हर्टरच्या जातीचा. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात. त्यावर अडॅप्टर गुणगुणतो, तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर असावा. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या पाठीमागे यूपीएस असे लिहिलेली कळ असते. ती चालू ठेवली तर वीज जाताना होणारा खंड इतका लहान होतो की यंत्राला तो जाणवत नाही. ती बंद असेल तर प्रत्येक वेळी यंत्र थांबते, आणि काही यंत्रे वीज परतल्यावर आपोआप सुरू होतात, काही होत नाहीत. आपले यंत्र कोणत्या गटातले आहे हे दिवसा बटण बंद-चालू करून पाहून ठेवावे.

नवखा झोपाळू, ताळगाव

वीज गेली आणि मास्क तोंडावर तसाच राहिला तर गुदमरायला होणार नाही का? माझ्या आईला याच भीतीने मास्क नको वाटतो.

मडगावची परिचारिका, मडगाव

भीती रास्त आहे, पण त्याची सोय मास्कमध्येच केलेली असते. तोंड आणि नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला एक लवचीक पडदी असते. हवेचा दाब थांबला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकापुरत्या मास्कमध्ये तोंड मोकळेच असते. आईंना हे सांगण्यापेक्षा दाखवावे : दिवसा, त्यांना जागे ठेवून, मास्क लावून यंत्र बंद करावे आणि श्वास घेता येतो हे त्यांनाच अनुभवू द्यावे. पडदी धुताना तिच्यात कचरा वा साबण अडकलेला नाही आणि ती मोकळी हलते, हे पाहावे. ज्या रुग्णाला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्यांच्या बाबतीत मात्र डॉक्टरांशी वेगळे बोलणे आवश्यक आहे.

नवखा झोपाळू, ताळगाव

आभारी आहे. आणखी दोन प्रश्न विचारतो. माझ्या स्वतःच्या यंत्रातून सुरुवातीला हवा इतकी कमी येते की श्वास पुरत नाही असे वाटते. दुसरे, आईसाठी ओळखीच्या एकांकडून वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत आहे आणि त्यासोबत ओझोनने निर्जंतुक करणारी पेटीही देत आहेत. घ्यावे का?

उपकरणवाला, म्हापसा

पहिला बिघाड नव्हे, त्याला रॅम्प म्हणतात. झोप लागेपर्यंत त्रास होऊ नये म्हणून यंत्र बहुधा ४ सेंटिमीटर दाबापासून सुरुवात करते आणि हळूहळू ठरलेल्या दाबावर जाते. धष्टपुष्ट माणसाला ४ अपुरा वाटतो. रॅम्पचा वेळ कमी करणे बहुतेक यंत्रांत वापरणाऱ्याच्या हातात असते. सुरुवातीचा दाब वाढवायचा असेल तर डॉक्टरांना सांगावे. मुख्य दाब मात्र स्वतः बदलू नका, मग तो चोरमेनू आंतरजालावर कितीही सहज सापडो.

वापरलेल्या यंत्राविषयी सावध राहावे. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपल्या अनेक सीपॅप आणि बायपॅप (श्वास घेताना व सोडताना वेगळा दाब देणाऱ्या) यंत्रांची मोठी परतबोलावणी जाहीर केली होती. त्यांत पहिल्या पिढीचे ड्रीमस्टेशन होते. आवाज कमी करण्यासाठी आत लावलेला फेस झिजून त्याचे कण आणि रसायने श्वासात जाऊ शकतात, हे कारण होते, आणि उष्ण, दमट हवामान व ओझोनने केलेली स्वच्छता यांनी ही झीज वाढू शकते असेही सांगितले गेले. आपले हवामान कसे आहे हे गोमंतकीयांना सांगायला नको. म्हणून वापरलेले यंत्र घेताना कंपनी कोणतीही असो, अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, यंत्र किती तास चालले आहे हे त्याच्याच पडद्यावर वाचावे, आणि बाहेर येणाऱ्या नळीच्या तोंडाशी पांढरे कापड धरून काळे कण येतात का ते तपासावे. आईंचा दाब त्यांच्या स्वतःच्या तपासणीवरून लावून घ्यावा. आधीच्या मालकाचा दाब तसाच ठेवून झोपू नये. ओझोनची पेटी राहू द्या. साबण आणि पाणी पुरते.

जाता जाता, ज्यांना या यंत्राचा धाक वाटतो त्यांच्यासाठी : ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपचार प्रथम प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीच्या मोटरवर चालत होते. आजही पोटात मुळात एक पंखाच आहे.

मडगावची परिचारिका, मडगाव

यंत्र खरोखरच दुरुस्तीला गेले तर मधल्या रात्रींसाठी, कारण धागाकर्तीने तो प्रश्न विचारला होता आणि तो मागे पडला : कुशीवर झोपावे, डोक्याकडची बाजू उंच करावी, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, 'थोडीशी फेणी सर्दीला बरी' हे या आठवड्यात तरी चालणार नाही. दिवसा डुलक्या येत असतील तर गाडी चालवू नये. आणि डॉक्टरांना फोन करून पर्यायी यंत्र भाड्याने मिळते का ते विचारावे. हृदयविकार असलेल्यांनी किंवा यंत्राला ऑक्सिजन जोडलेला असणाऱ्यांनी स्वतःच्या विचाराने एक रात्रही खंड पाडू नये.

खाणपट्ट्यातला, डिचोली

आणखी एक, हसू नका. माझ्या नळीत एकदा मुंग्या निघाल्या. यंत्र सकाळी न झाकता तसेच ठेवत होतो. आता नळी धुऊन, दोन्ही तोंडे खाली येतील अशी खुंटीवर टांगतो आणि यंत्रावर सुती कापड टाकतो. मुंग्यांची पावडर वा फवारा यंत्राजवळ मारू नये, ती हवा आपल्यालाच ओढायची असते.

सत्तरीचा पाऊस, वाळपई

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. नवीन रबरी कड आली आणि बसवली. रात्रीची गळती पूर्वी मिनिटाला ४१ लिटर दिसत होती, ती आता ७ ते ११ च्या दरम्यान असते. श्वास अडण्याचा आकडा तासाला ९ वर गेला होता तो ३ वर आला. 'हाय लीक' त्यानंतर एकदाच आले, बाबांनी दाढी केली नव्हती त्या रात्री. यंत्रातले नोंदींचे कार्ड डॉक्टरांना दाखवायला नेले तर तिथल्या संगणकावर ते उघडेना. कार्डाच्या कडेची बारीक कळ लॉककडे सरकली होती, एवढेच निघाले.

एक शेवटचे विचारते. चवथ (गणेशचतुर्थी) आमच्या मूळ घरी असते, माणसे पंचवीस होतात आणि बाबांची झोपण्याची खोली देवघराला लागून आहे. पाच दिवस धूप, अगरबत्ती आणि अंगणात फटाके. यंत्राला काही होईल का?

खाणपट्ट्यातला, डिचोली

ताई, दार लावून घ्या, यंत्राची मागची बाजू दाराकडे नको, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी फिल्टर बदला. मात्र फिल्टर आतापासूनच घेऊन ठेवा. चवथीत दुकान उघडे मिळणार नाही.